‘कुठे’ आणि ‘किती’: फुटबॉलच्या पंचाला यंत्राची मदत

११ जून २०२४ची रात्र. दोह्याच्या जासिम बिन हमद स्टेडियमवर भारत कतारविरुद्ध १-० असा पुढे होता. गोल मुंबई सिटीकडून खेळणाऱ्या छांगतेचा, ३७व्या मिनिटाचा. एवढी आघाडी टिकली असती तर वर्ल्ड कप पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत भारत पहिल्यांदाच जाणार होता. ७३व्या मिनिटाला कतारला फ्री किक मिळाली. युसुफ आयमेनने हेडर मारला, आपला गोलकीपर गुरप्रीतने तो झेपावून अडवला आणि चेंडू त्याच्यापासून सुटून गोलपोस्टच्या बाजूने घरंगळत गोलरेषेबाहेर गेला. आपले खेळाडू थांबले, कारण आता कॉर्नर. तेवढ्यात कतारच्या एका खेळाडूने बाहेर गेलेला चेंडू पायाने आत ओढला आणि आयमेनने तो जाळ्यात ढकलला. पंचांनी गोल दिला. पुढे कतारने आणखी एक गोल केला, आपण २-१ हरलो आणि स्पर्धेबाहेर गेलो.

मी तो सामना मोबाइलवर बघत होतो, घरचे झोपलेले म्हणून आवाज बंद करून. रिप्ले आला तेव्हा चेंडू आणि पांढरी रेषा यांच्यामधलं हिरवं गवत स्पष्ट दिसत होतं. पाच इंची पडद्यावर, चष्मा न लावता. जगात जिथे जिथे तो सामना चालू होता तिथे प्रत्येकाला ते दिसलं. दिसलं नाही ते फक्त ज्यांनी निर्णय द्यायचा त्यांना, कारण त्या फेरीत व्हिडिओची सोयच ठेवलेली नव्हती. ती तिसऱ्या फेरीपासून होती.

फुटबॉलच्या पंचाला तंत्रज्ञानाची मदत असावी का, हा प्रश्न ज्याने ती रात्र पाहिली त्याला विचारायची गरज नाही. तो म्हणेल, अर्थात असावी. पण हाच प्रश्न नॉर्वेतल्या एखाद्या स्टेडियममधल्या प्रेक्षकाला विचारलात तर तो तुमच्या दिशेने माशाचा वडा भिरकावेल. हे अलंकारिक नाही, खरोखर घडलेलं आहे. त्याकडे येतोच. आधी हे दोघेही आपापल्या जागी बरोबर कसे, ते समजून घेऊ.

पंचासमोर मैदानात दोन जातीचे प्रश्न येतात. एक ‘कुठे’चा. चेंडू रेषेच्या आत होता की बाहेर? पाय बचावपटूच्या पुढे होता की मागे? याला एकच खरं उत्तर असतं, आपल्याला दिसो वा न दिसो. दुसरा प्रश्न ‘किती’चा. धक्का किती जोराचा? हात शरीरापासून किती लांब, आणि तिथे असायचं काही कारण होतं का? याचं उत्तर मैदानात पडलेलं नसतं, ते पंचाच्या डोक्यात तयार होतं. तंत्रज्ञानावरची बहुतेक भांडणं हे दोन प्रश्न एकाच टोपलीत टाकल्यामुळे होतात, असं माझं मत आहे.

आपल्याला ही भाषा क्रिकेटमुळे ओळखीची आहे. टीव्हीचा रिप्ले बघून बाद दिला गेलेला जगातला पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन तेंडुलकर. नोव्हेंबर १९९२, डर्बनची कसोटी, जाँटी ऱ्होड्सची फेक, धावबाद. तोही ‘कुठे’चाच प्रश्न होता: बॅट रेषेच्या आत की बाहेर. फुटबॉलला तेवढंच पाऊल उचलायला पुढची वीस वर्षं लागली. एक कारण खेळाच्या स्वभावातलं. क्रिकेट प्रत्येक चेंडूनंतर आपसूक थांबतं, मधल्या वेळात तिसऱ्या पंचाने काय हवं ते बघावं. फुटबॉल थांबत नाही. इकडे गोल झाला की नाही ते बघायला शिट्टी मारावी, तर तिकडे प्रतिहल्ला सुरू झालेला असतो.

दुसरं कारण माणसांचं. फुटबॉलचे नियम बदलतं आयफॅब नावाचं मंडळ, १८८६ साली स्थापन झालेलं. त्यात आठ मतं: चार फिफाची आणि उरलेली चार इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांना एकेक. सहा मतं पडल्याशिवाय स्वल्पविरामही हलत नाही. फिफाच्या २११ सदस्य संघटना आणि मतांचं वाटप हे असं, त्यामुळे हे मंडळ घाईगर्दीसाठी कधीच प्रसिद्ध नव्हतं. मार्च २०१०मध्ये त्यांनी गोलरेषेवरचं तंत्रज्ञान चक्क नाकारलं होतं.

आणि तीन महिन्यांत २७ जून उजाडला. दक्षिण आफ्रिकेतला वर्ल्ड कप, ब्लूमफाँटेन. जर्मनी इंग्लंडविरुद्ध २-१ पुढे. फ्रँक लँपार्डचा फटका क्रॉसबारच्या खालच्या अंगाला लागून गोलरेषेच्या चांगला आत पडला आणि उसळून बाहेर आला. जर्मन गोलकीपर नॉयरने तो उचलून खेळ पुढे चालू केला, पंचांनीही. इंग्लंड ४-१ हरलं. (१९६६च्या अंतिम सामन्यात याच दोन देशांत नेमका उलटा प्रकार घडला होता. जेफ हर्स्टचा बारला लागून खाली आपटलेला चेंडू लाइन्समनच्या सांगण्यावरून गोल ठरला आणि इंग्लंड जगज्जेतं झालं. जर्मन माणसाने चव्वेचाळीस वर्षं ते मनात ठेवलं होतं.) त्याच संध्याकाळी जोहान्सबर्गला अर्जेंटिनाच्या तेवेझने मेक्सिकोविरुद्ध ढळढळीत ऑफसाइडवरून गोल केला. तिथे तर स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर रिप्ले लागला. मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडे बोट दाखवत पंच रॉबेर्तो रोझेट्टींभोवती जमले. पण पडदा बघून निर्णय बदलायची परवानगी नियमात नव्हती. गोल कायम राहिला. फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी दोन दिवसांत इंग्लंड आणि मेक्सिको, दोघांचीही माफी मागितली. हेच रोझेट्टी पुढे २०१८च्या वर्ल्ड कपसाठी फिफाच्या व्हिडिओ पंच प्रकल्पाचे प्रमुख झाले. त्या पडद्यासमोर उभं राहण्याचा अनुभव असलेला माणूस त्या कामाला मिळाला, हे चांगलंच झालं म्हणायचं.

जुलै २०१२मध्ये आयफॅबने गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता दिली. माझ्या मते फुटबॉलमध्ये आलेली ही सगळ्यात सभ्य सुधारणा. प्रत्येक गोलवर वरून रोखलेले सात अतिवेगवान कॅमेरे. चेंडूचा थोडासा भाग दिसला तरी संगणक वेगवेगळ्या कोनांतून त्याची हवेतली जागा काढतो. पूर्ण चेंडू रेषा ओलांडून गेला की एका सेकंदाच्या आत पंचाच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं आणि त्यावर ‘गोल’ अशी अक्षरं येतात. कोणी शिट्टी मारत नाही, खेळ थांबत नाही, वाद होत नाही. जानेवारी २०१९मध्ये मँचेस्टर सिटी विरुद्ध लिव्हरपूल सामन्यात जॉन स्टोन्सने रेषेवरून चेंडू उडवला. गोल व्हायला ११.७ मिलिमीटर कमी पडले होते. सिटी तो सामना २-१ जिंकली आणि मोसमाच्या शेवटी लिव्हरपूलच्या फक्त एका गुणाने पुढे राहून विजेती झाली. आपल्या करंगळीच्या जाडीएवढ्या अंतरावर इंग्लंडचं विजेतेपद फिरलं, आणि तरी त्या निर्णयाबद्दल कोणी ब्र काढला नाही.

इथे नियमाची एक गंमत सांगायला हवी, कारण टीव्हीसमोर बसून आपण हमखास इथेच चुकतो. फुटबॉलमध्ये रेषा ही मैदानाचा भाग असते, आणि चेंडू बाहेर जायला तो पूर्णच्या पूर्ण रेषेपलीकडे जावा लागतो. जमिनीवरून आणि हवेतूनही. घरात फुटबॉल असेल तर फरशीच्या एखाद्या फटीजवळ ठेवून बघा. चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या ११. तो जमिनीला टेकतो फक्त मधल्या एका बिंदूवर. हा बिंदू फटीपासून १० सेंटिमीटर लांब ठेवा. बाजूला पालथं पडून पाहिलंत तर चेंडू आणि फट यांच्यामध्ये लख्ख मोकळी फरशी दिसेल. आता उभं राहून बरोबर वरून बघा, चेंडूचं पोट अजून फटीवर आलेलं असेल. नियमाच्या हिशेबाने चेंडू आत.

डिसेंबर २०२२मध्ये कतारच्या वर्ल्ड कपमध्ये जपानने स्पेनला याच जोरावर हरवलं. मितोमाने गोलरेषेवरून चेंडू मागे फिरवला, तानाकाने गोल केला आणि बाजूच्या कॅमेऱ्यातून बघणाऱ्या सगळ्या जगाने ‘बाहेर, बाहेर’ म्हणून गलका केला. सहायक पंचांनाही आधी तसंच वाटलं होतं. रेषेच्या रोखाने लावलेल्या कॅमेऱ्यात मात्र चेंडूची कड रेषेवर, केसभर का होईना, आलेली दिसली. गोल कायम राहिला, जपान गटात पहिला आला आणि जर्मनी घरी गेलं. मग दोह्याच्या आपल्या सामन्यात मला दिसलेल्या त्या गवताचं काय, असं कोणी विचारेल. रास्त शंका आहे. फरक एवढाच की तिथे चेंडू केसभर नव्हे, भरपूर बाहेर होता. आणि आणखी एक गोष्ट: तिथे गोलरेषा तंत्रज्ञान असतं तरी ते मुकं राहिलं असतं. ते फक्त दोन खांबांच्या मधलं बघतं, खांबाच्या बाहेरून चेंडू गेला तर त्याला काही देणंघेणं नसतं. तिथे व्हिडिओ पंचच हवा होता.

यंत्र चुकत नाही असंही नाही. जून २०२०मध्ये, कोविडनंतर इंग्लंडमधलं फुटबॉल सुरू झालं त्या पहिल्याच सामन्यात अ‍ॅस्टन व्हिलाचा गोलकीपर चेंडू छातीशी धरून मागे सरकत सरकत स्वतःच्याच जाळ्यात गेला. पंचांचं घड्याळ गप्प. गोलवरचे सातही कॅमेरे खेळाडूंनी आणि गोलच्या खांबाने झाकले गेले होते. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने जाहीर माफी मागितली, नऊ हजारांहून जास्त सामन्यांत असं प्रथमच झालं असं सांगितलं. व्हिडिओ पंच बसलेले होते, त्यांनीही काही केलं नाही, बहुधा घड्याळावर विश्वास ठेवून. सामना ०-० सुटला आणि व्हिला त्या मोसमात एका गुणाने पदावनतीतून वाचली. यंत्रावर भरवसा बसला की माणूस स्वतःचे डोळे वापरायचं सोडतो, हा यातला मला जास्त काळजीचा भाग वाटतो.

आता ऑफसाइड. वरकरणी हाही ‘कुठे’चाच प्रश्न. सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी तुमच्या शरीराचा, हात सोडून, कुठलाही भाग प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे होता का? पण वाक्यात ‘त्या क्षणी’ आहे, आणि सगळं दुखणं तिथे आहे. ‘कुठे’ कळण्याआधी ‘केव्हा’ कळावं लागतं.

हिशेब करू. नेहमीचा प्रसारणाचा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं घेतो असं धरू. दोन चित्रांमध्ये एका सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. चांगला आक्रमक सेकंदाला ८ मीटर धावतो, म्हणजे तेवढ्या वेळात १६ सेंटिमीटर. बचावपटू त्याच वेळी उलट दिशेने पुढे येत असेल तर दोघांमधलं अंतर ३०-३२ सेंटिमीटरने बदललेलं असतं. आणि बुटाने चेंडू नेमका कोणत्या चित्रात मारला, हे ठरवतं कोण? खोलीत बसलेला माणूस, डोळ्यांनी. सुरुवातीच्या काळात प्रीमियर लीगमध्ये याच चित्रांवर बारीक रेषा ओढून काखेच्या आणि टाचेच्या ऑफसाइड दिल्या जात होत्या. कापडाच्या दुकानातल्या गजाने सोनं मोजण्यातला प्रकार. लोक चिडले ते उगाच नाही. २०२१पासून तिथे रेषा जाड केल्या, म्हणजे थोडीफार चूकभूल आक्रमकाच्या पदरात टाकली. क्रिकेटमधल्या ‘अंपायर्स कॉल’ची ही लांबची चुलत बहीण.

२०२२च्या वर्ल्ड कपला अर्धस्वयंचलित ऑफसाइड आलं. स्टेडियमच्या छताखाली बारा कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपणारे. आणि चेंडूच्या पोटात एक संवेदक, सेकंदाला ५०० वेळा हालचाल कळवणारा. म्हणजे ‘केव्हा’चं उत्तर एकदम दहापट नेमकं झालं. शरीराच्या जागा मात्र तेव्हा पन्नासदाच टिपल्या जात होत्या, मधलं हिशेबाने भरावं लागत होतं. पहिल्याच सामन्यात, तिसऱ्याच मिनिटाला, इक्वाडोरचा गोल यातून रद्द झाला. त्या वर्ल्ड कपात सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला हरवून खळबळ उडवली. त्या सामन्याच्या एकट्या पूर्वार्धात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले होते.

चला, इथवर यंत्राची बाजू भक्कम. आता २९ जून २०२४ला डॉर्टमुंडला जाऊ, युरो स्पर्धेत जर्मनी विरुद्ध डेन्मार्क. या एका सामन्यात पाच-सहा मिनिटांत सगळा वाद नाटकासारखा समोर आला. उत्तरार्धाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या योआकिम आंदरसनने गोल केला. रद्द. का, तर टोमास डेलनीच्या बुटाचं टोक ऑफसाइड. संगणकाने काढलेल्या चित्रात तेवढं टोक रेषेपुढे आलेलं दाखवलं, नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसायची सोय नव्हती. नंतर दुसऱ्या टोकाला जर्मनीचा क्रॉस आला आणि जवळून आंदरसनच्याच हाताला निसटता लागला. पंच मायकेल ऑलिव्हरना पडद्याकडे बोलावलं गेलं. पडद्यावर चित्राच्या खाली एक आलेख, त्यात एक टोकदार उंचवटा. क्रिकेट बघणाऱ्या कोणालाही ओळखू येईल असा: स्निको. चेंडूतल्या संवेदकाने हाताचा स्पर्श टिपला होता. पेनल्टी, हावर्ट्झचा गोल, जर्मनी पुढे. १-० ने पुढे जाणारा डेन्मार्क काही मिनिटांत ०-१ मागे, आणि दोन्ही वेळा एकाच माणसाच्या नशिबी.

पहिल्या निर्णयावर डॅनिश प्रशिक्षक सेंटिमीटरच्या हिशेबावरून वैतागले. मी त्यांच्याशी सहमत नाही. टोक पुढे होतं तर पुढे होतं. रेषा कुठेतरी ओढावी लागतेच. आर्सेनलचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर म्हणतात तसं दोघांमध्ये मोकळी जागा दिसेपर्यंत ऑफसाइड देऊ नये असं ठरवलं तर मग मोकळी जागा सेंटिमीटरभर होती का, यावर भांडण होईल. पण दुसऱ्या निर्णयात मला खरी गोम दिसते. क्रिकेटमध्ये स्निकोवर उंचवटा आला, झेल घेतलेला आहे, तर विषय संपला, कारण तिथे प्रश्न एवढाच असतो: लागला की नाही. फुटबॉलमध्ये हाताला लागला एवढ्याने गुन्हा होत नाही. हात मुद्दाम नेला का, शरीर अनैसर्गिकपणे मोठं केलं का, हे बघायचं असतं. धावणारा माणूस हात हलवतोच, खिशात घालून कोणी धावत नाही. संवेदकाने ‘लागला’ एवढंच सांगितलं होतं. पण पडद्यावर तो टोकदार आलेख दिसल्यावर ‘लागला, पण गुन्हा नाही’ म्हणायला पंचाला केवढी छाती लागेल, विचार करा. ‘कुठे’चा पुरावा ‘किती’च्या प्रश्नावर उत्तर म्हणून चिकटतो तो असा.

व्हिडिओ असिस्टंट रेफरी, म्हणजे व्हीएआर, हे सगळं चालतं कसं ते थोडक्यात. मैदानापासून लांब एका खोलीत व्हिडिओ पंच, त्याचा सहायक आणि रिप्ले काढून देणारा ऑपरेटर बसतात. इंग्लंडमध्ये ही खोली लंडनजवळच्या स्टॉकली पार्कमध्ये आहे, सामना कुठेही असो. मार्च २०१८मध्ये आयफॅबने नियमात घेतलं तेव्हा व्हीएआरने फक्त चार बाबतींत बोलायचं ठरलं: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला दाखवलेलं कार्ड. तेही चूक ‘स्पष्ट आणि उघड’ असेल तरच. प्रत्येक गोल मागे तपासला जातो, आपल्याला कळतही नाही. ऑफसाइडसारखी गोष्ट असेल तर खोलीतून नुसतं सांगितलं जातं. मत बनवायची गोष्ट असेल तर पंच दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढतो, धावत कडेच्या पडद्याकडे जातो आणि स्वतः बघून ठरवतो. अंतिम शब्द मैदानातल्याच पंचाचा.

कागदावर झकास. अडचण ‘स्पष्ट आणि उघड’ या शब्दांत आहे. किती उघड म्हणजे उघड? २०१८च्या अंतिम सामन्यात फ्रान्स आणि क्रोएशिया १-१ बरोबरीत असताना कॉर्नरवर चेंडू क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला लागला. पंच पिताना पडद्यापाशी गेले, बघितलं, निघाले, पुन्हा वळून बघितलं, मग पेनल्टी दिली. ज्याला दोनदा बघावं लागतं ते उघड कसं, असं तेव्हाही अनेकांनी विचारलं. शिवाय रिप्ले सावकाश दाखवला की प्रत्येक धडक खुनशी आणि प्रत्येक हात हेतुपुरस्सर वाटू लागतो. म्हणून व्हीएआरच्या नियमावलीतच लिहिलंय की मंद गती फक्त स्पर्श कुठे झाला, चेंडू कुठे होता यासाठी वापरावी. धक्क्याचा जोर नेहमीच्या वेगाने बघावा. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनाही ‘कुठे’ आणि ‘किती’ वेगळे आहेत हे माहीत आहे. आणि कॅमेरा आल्यावर हँडबॉलचा नियम २०१९मध्ये आणि पुन्हा २०२१मध्ये नव्याने लिहावा लागला. उघड्या डोळ्यांसाठी लिहिलेला नियम भिंगाखाली धरला की त्याच्या शिवणी उसवतात.

कधी कधी तर यंत्र बरोबर असतं आणि माणसांचं बोलणं चुकतं. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल, ०-०. लुईस दियाझने गोल केला, सहायक पंचाने ऑफसाइडचा झेंडा वर केला. व्हिडिओ पंच डॅरन इंग्लंड यांनी तपासलं, दियाझ ऑफसाइड नव्हता. अगदी बरोबर. पण मैदानात गोल दिलेलाच आहे असं समजून ते म्हणाले, ‘तपासणी पूर्ण’. मैदानातल्या पंचांनी ऐकलं: आपला निर्णय, म्हणजे ऑफसाइड, बरोबर. फ्री किक घेऊन खेळ सुरू. काही सेकंदांत खोलीतल्या ऑपरेटरच्या लक्षात आलं आणि त्याने विचारलं, हे बरोबर आहे ना? मग जो गोंधळ उडाला त्याचं ध्वनिमुद्रण नंतर जाहीर केलं गेलं. सामना थांबवायची सूचना बाहेरून येते आणि व्हिडिओ पंच परत परत म्हणतात, आता काहीच करता येणार नाही. कारण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मागे जाता येत नाही, असा नियम. लिव्हरपूल सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत स्वयंगोलवर २-१ हरली. तो ध्वनिमुद्रित संवाद मी तीन-चार वेळा ऐकला. त्यात कोणी खलनायक नाही, घाईत अर्धवट वाक्यं बोलणारी माणसं आहेत. एखाद्या कचेरीतला फोन वाटावा इतकं ओळखीचं.

आता नॉर्वेचे मासे. जुलै २०२४मध्ये ट्रॉनहाइमला रोझेनबोर्ग विरुद्ध लिलेस्ट्रोम सामन्यात प्रेक्षकांनी व्हीएआरच्या निषेधार्थ मैदानात टेनिसचे चेंडू आणि माशाचे वडे फेकले, इतके की सामना सोडून द्यावा लागला. शेजारच्या स्वीडनने त्याच वर्षी व्हीएआर आणायचंच नाही असं ठरवलं. तिथे क्लबांची बहुसंख्य मालकी सभासदांकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे असते, आणि सभासद नको म्हणाले. इंग्लंडमध्ये वुल्व्ह्ज या क्लबने व्हीएआर बंद करण्याचा ठराव आणला, तो जून २०२४मध्ये १९ विरुद्ध १ ने पडला. नॉर्वेतही मार्च २०२५मध्ये महासंघाच्या सभेने शेवटी व्हीएआर ठेवायचंच ठरवलं.

या लोकांची तक्रार काय आहे? अन्याय हवाय असं कोणी म्हणत नाही. त्यांची तक्रार गोल झाल्यानंतरच्या त्या दोन सेकंदांची आहे. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत दोन-तीन गोल होतात. बाकी सगळा वेळ ते व्हायची वाट बघण्यात जातो. म्हणून गोल झाला की जो स्फोट होतो तो दुसऱ्या कुठल्या खेळात नाही. आता तो स्फोट अर्ध्यावर थांबतो: थांबा, तपासताहेत. स्टेडियममधल्या माणसाला तर काय तपासताहेत तेही कळत नसे. २०२३च्या महिला वर्ल्ड कपमध्ये पंचांनी माइकवरून निर्णय सांगितले तेव्हा कुठे जरा बरं वाटलं. भीक नको पण कुत्रा आवर, असं या प्रेक्षकांचं झालंय. टीव्हीसमोर बसणाऱ्या माझ्यासारख्याला हे पटकन उमगत नाही, कारण मला रिप्ले हा खेळाचाच भाग वाटतो.

मला विचाराल तर ‘कुठे’च्या प्रश्नांना यंत्र मोकळेपणाने द्यावं, जितकं वेगवान आणि जितकं मुकं तितकं चांगलं. घड्याळ थरथरलं की झालं. ‘किती’चे प्रश्न मात्र मैदानातल्या माणसाकडेच ठेवावेत. खोलीतल्या माणसाने तेव्हाच बोलावं जेव्हा एकदा, नेहमीच्या वेगाने बघून त्याच्या तोंडून ‘अरे!’ निघेल. दुसऱ्यांदा बघायची इच्छा झाली तर सोडून द्यावं. यात काही चुका राहतील. राहू देत.

आणि काही गोष्टी तर कॅमेऱ्याला दिसणाऱ्यातल्याच नसतात. मार्च २०२३मध्ये बेंगळुरूला आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, बाद फेरीत सुनील छेत्रीने केरळची भिंत उभी राहण्याआधीच फ्री किक मारून गोल केला. केरळचा संघ मैदान सोडून निघून गेला, त्यांना मोठा दंड झाला, प्रशिक्षकांवर बंदी आली आणि देशभर ‘व्हीएआर आणा’ अशी ओरड सुरू झाली. पण तिथे वाद चेंडू कुठे होता याचा नव्हताच. पंचांनी छेत्रीला लगेच मारायची मुभा दिली होती की शिट्टीची वाट बघायला सांगितलं होतं, याचा होता. सेकंदाला ५०० वेळा मोजणारा संवेदक त्यावर काय सांगणार?

राहता राहिला पैसा. पूर्ण व्हीएआर म्हणजे कॅमेऱ्यांची रांग, खोली, जोडणी आणि प्रत्येक सामन्यामागे प्रशिक्षित पंचांची दुसरी फळी. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धांना ते नाकापेक्षा मोती जड. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने हजारोंच्या गर्दीत होतात, तिथे पंचाकडे शिट्टी आहे, दोन सहायक आहेत आणि चारी बाजूंनी सल्ले आहेत. नियमांचं पुस्तक मात्र वेम्ब्लीलाही तेच आणि इथेही तेच.

म्हणून मला फिफाने २०२४पासून महिलांच्या वयोगटातील वर्ल्ड कप स्पर्धांमध्ये आजमावलेली एक साधी पद्धत जास्त आशेची वाटते. तिला फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट म्हणतात. आपण सरळ डीआरएस म्हणू. व्हिडिओ पंचांची खोली नाही. जे चार-पाच कॅमेरे प्रसारणासाठी असतील त्यांचीच चित्रं कडेच्या पडद्यावर. प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोन दाद मागायची संधी. दाद खरी ठरली तर ती शिल्लक राहते, खोटी ठरली तर गेली. प्रशिक्षकाने हवेत बोट गरगर फिरवायचं, चौथ्या पंचाला एक कार्ड द्यायचं, आणि मैदानातला पंच स्वतः जाऊन बघतो. शोधत बसायचं काम पंचाचं नाही, ज्याला दुखलं त्याने सांगायचं.

दोह्यात त्या रात्री तेवढं जरी असतं. ७३वं मिनिट, गोल दिलेला, आपले खेळाडू पंचांच्या मागे धावताहेत. बाकावरून आपले प्रशिक्षक स्टिमाच उठतात, बोट गरगर फिरवतात, कार्ड देतात. पंच चालत कडेला येतात, पडद्यावर वाकतात. गुरप्रीत पडलेला, चेंडू घरंगळतोय, रेषा, रेषेच्या पलीकडे गवत, आणि गवताच्याही पलीकडे चेंडू. नेहमीच्या वेगाने, एकदा.